दोन सारख्याच सेडान, खिशाला हलकी कोणती? दीर्घकाळच्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन गाड्या आवडल्या आहेत. आकार तोच, ताकद साधारण तीच, किमतीत थोडा फरक. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो "मेंटेनन्स कोणाचा कमी?" प्रश्न रास्त आहे, पण खर्चाच्या यादीत त्याचा नंबर बराच खाली लागतो. म्हणून इथले प्रश्न लोक विचारतात त्या क्रमाने न लावता, हिशेब सोपा जाईल अशा क्रमाने लावले आहेत.

हिशेब सुरू कुठून करायचा?

गाडीपासून नाही, स्वतःपासून. दोन आकडे आधी कागदावर लिहा: गाडी किती वर्षं ठेवणार आणि वर्षाला किती किलोमीटर फिरवणार. हे दोन आकडे नसतील तर "कोणती स्वस्त?" याला उत्तरच नसतं. त्याच दोन गाड्यांत पाच वर्षांच्या हिशेबाने एक स्वस्त पडते आणि दहा वर्षांच्या हिशेबाने दुसरी. पुढे आकड्यांनिशी दिसेलच.

किलोमीटरचा आकडा मनाने ठरवू नका. सध्याच्या गाडीची सर्व्हिसिंगची दोन जुनी बिलं काढा. प्रत्येकावर तारीख आणि ओडोमीटरचं रीडिंग असतं. वजाबाकी केली की खरं रनिंग कळतं. लांबचे प्रवास लक्षात राहतात आणि गाडी आठ-आठ दिवस जागची हलली नव्हती हे विसरायला होतं, त्यामुळे तोंडी सांगितलेला आकडा बहुधा फुगलेला निघतो.

वर्षांचंही तसंच. नवी गाडी घेताना "ही आता पंधरा वर्षं काढणार" असं सगळेच म्हणतात. मागची गाडी किती वर्षांनी विकली होती, तो आकडा जास्त खरा.

कोणकोणते खर्च धरायचे?

खरेदीची किंमत आणि शेवटी विकून हाती येणारी रक्कम यांतला फरक, म्हणजे घसारा. कर्जाचं व्याज. इंधन. विमा. नोंदणी आणि कर. ठरलेलं सर्व्हिसिंग. टायर, ब्रेक, बॅटरी अशा झिजणाऱ्या वस्तू. आणि वॉरंटी संपल्यावरच्या अचानक दुरुस्त्या.

पण तुलनाच करायची असेल तर हे सगळं पै-पै मोजायची गरज नाही. पार्किंग, टोल, धुलाई दोन्ही गाड्यांना सारखीच. ती खोडून टाका आणि जिथे दोघींत फरक पडतो तेवढंच मोजा. अर्ध्याहून अधिक ओळी अशाच गळतात आणि मग एका पानावर हिशेब बसतो.

उदाहरण द्यायचं तर कोणत्या पैशात?

पेट्रोलच्या लिटरमध्ये. गाडीच्या किमतीला तुमच्याकडच्या एका लिटरच्या दराने भागा. देश, चलन, वर्ष काहीही असो, आकडे एका पातळीवर येतात.

या पानावर दोन काल्पनिक गाड्या घेऊ. निळी ही साधी पेट्रोल सेडान, किंमत २०,००० लिटर. करडी ही तेवढीच मोठी, पण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेली, किंमत २२,५०० लिटर. निळी ॲव्हरेज देते लिटरला १५ किलोमीटर, करडी २२. हे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे त्यांच्या जागी घालायचे आणि रीत तीच ठेवायची.

याचा आणखी एक फायदा आहे. पेट्रोल महागलं की गाडीची लिटरमधली किंमत आपोआप खाली येते. करडीसाठी मोजलेले जास्तीचे २,५०० लिटर, पेट्रोल सव्वापट झालं की २,००० वर येतात. इंधनाच्या दराचा हायब्रिडच्या गणितावर काय परिणाम होतो ते वेगळं शोधायला लागत नाही.

सगळ्यात मोठा खर्च कोणता?

बहुतेक वेळा घसारा. तो कोणत्याही बिलावर छापून येत नाही म्हणून नजरेआड राहतो.

निळी पाच वर्षांनी निम्म्या किमतीला गेली असं धरा. १०,००० लिटर गेले. त्याच पाच वर्षांत वर्षाला १५,००० किलोमीटर या हिशेबाने पेट्रोल लागलं ५,००० लिटर. पेट्रोलच्या दुप्पट पैसा नुसता गाडी जुनी होण्यात गेला. दहा वर्षांनी ती चौथाई किमतीला विकली तर घसारा १५,००० लिटर, म्हणजे वर्षाला १,५००. पाच वर्षांत विकताना हाच आकडा वर्षाला २,००० होता. गाडी जास्त वर्षं ठेवल्याने जेवढा पैसा वाचतो, तेवढा दोन गाड्यांमधली निवड घासून-पुसून केल्यानेही सहसा वाचत नाही. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, कारण मुळात नवी गाडी बघायला सुरुवात झालेली असते.

पाच किंवा दहा वर्षांनंतरची विक्रीची किंमत आज कशी कळणार?

नेमकी कळणार नाही, पण अंदाज बराच पक्का बांधता येतो. दोन्ही मॉडेलच्या पाच वर्षं आणि दहा वर्षं जुन्या गाड्या आज सेकंडहँड बाजारात काय भावाने जातायत ते बघा. प्रकार तोच, रनिंग जवळपास तेवढंच, अशा निदान पाच-सहा जाहिराती घ्या. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो; सौदा त्याच्या खालीच तुटतो. दोन्ही गाड्यांना सारखीच कात्री लावलीत तर तुलना बिघडत नाही.

मग त्या भावाला ती गाडी नवी असतानाच्या किमतीने भागा. आजच्या नव्या मॉडेलच्या किमतीने भागलंत तर गुणोत्तर चुकेल. आणि नवी असतानाची किंमत म्हणजे छापील नव्हे, लोकांनी प्रत्यक्षात मोजलेली. ज्या गाडीवर वर्षभर घसघशीत सूट चालू असते तिचा सेकंडहँड भावही त्याच मापाने खाली बसतो. सूट मिळाली म्हणून खूश व्हायचं आणि विकताना भाव पडला म्हणून हळहळायचं, या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच असतं.

आणखी एक बघा: मॉडेलचं वय. सेडानची एक पिढी साधारण पाच ते सात वर्षं चालते, मध्ये एकदा चेहरा बदलतो. पिढीच्या शेवटच्या वर्षी घेतलेली गाडी दुसऱ्या वर्षीच "जुन्या शेपची" होते आणि भाव घसरतो. तुम्ही दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर तोवर हा फरक पुसट होतो. उलट अशा गाडीतल्या बारीकसारीक खोडी तोवर दुरुस्त झालेल्या असतात आणि सूटही मिळते. तीन वर्षांत विकणाऱ्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

हायब्रिडचे जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

शोरूममध्ये हे गणित एका भागाकारात उरकतात. आपल्या उदाहरणात वर्षाला १५,००० किलोमीटरसाठी निळीला १,००० लिटर लागतात, करडीला ६८२. बचत ३१८ लिटर. जास्तीची किंमत २,५०० लिटर. भागाकार केला की जवळपास आठ वर्षं.

या भागाकारात दोन गोष्टी सुटतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

पहिली, विक्रीची किंमत. करडीही पाच वर्षांनी निम्म्याला गेली तर जास्तीच्या २,५०० पैकी १,२५० परत आले. पाच वर्षांची इंधनबचत १,५९०. म्हणजे आठ वर्षं लागायच्या ऐवजी करडी पाचव्या वर्षीच ३४० लिटरनी पुढे.

दुसरी, व्याज. ते जास्तीचे २,५०० लिटर १० टक्के दराने पाच वर्षांच्या कर्जात घेतले तर हप्ते भरून होतात ३,१८७. व्याज ६८७ लिटर. ३४० ची आघाडी गेली आणि निळी ३४७ नी पुढे आली.

आता गाडी दहा वर्षं ठेवा. दोघीही चौथाई किमतीला विकल्या जातील असं धरलं तर जास्तीच्या किमतीतले ६२५ परत येतात, १,८७५ बुडतात. त्यात व्याजाचे ६८७ मिळवा: २,५६२. दहा वर्षांची इंधनबचत ३,१८०. करडी ६१८ लिटरनी पुढे.

आणि रनिंग वर्षाला ६,००० किलोमीटरच असेल तर? बचत वर्षाला १२७ लिटर. दहा वर्षांतही ती १,८७५ ला पोचत नाही, व्याज तर लांबच. अशा माणसाने हायब्रिड घ्यावी ती आवडली म्हणून. शांत चालते, गर्दीत पायाला आराम देते, ही कारणं पुरेशी आहेत. पण पैसे वाचतात असं घरी सांगू नये.

गाडी रोखीने घेतली तर व्याज सोडून द्यायचं का?

नाही. तोच पैसा ठेवीत राहिला असता तर त्यावर काही मिळालं असतं. कर्जाचा दर धरायचा नसेल तर ठेवीचा धरा. शून्य धरू नका.

२० आणि २४ ॲव्हरेज, फरक मोठा ना?

दिसतो तेवढा नाही. १० वरून १२ वर गेलात तर १५,००० किलोमीटरला २५० लिटर वाचतात. २० वरून २४ वर गेलात तर १२५. दुसऱ्या ठिकाणी फरक चाराचा आहे, पहिल्या ठिकाणी दोनाचाच, तरी बचत पहिल्या ठिकाणी दुप्पट. लिटरमागे किलोमीटर हे मापच असं आहे की वरच्या टोकाला ते डोळ्यांना फसवतं. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये नेमका हाच गोंधळ दाखवून दिला होता; त्यांच्यापुढे माप गॅलनमागे मैलांचं होतं, पण खोट तीच. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही गडबड होत नाही. दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज घ्या, १०० ला त्याने भागा आणि मग वजाबाकी करा. २० म्हणजे ५ लिटर, २४ म्हणजे ४.१७.

कंपनीने दिलेल्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवायचा का?

दोन गाड्यांची तुलना करायला, दोन्ही एकाच चाचणीत मोजलेल्या असतील तर, हो. घरखर्चाचा अंदाज काढायला, नाही.

ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी ३० मिनिटांची आणि सुमारे २३ किलोमीटरची असते आणि ती एसी बंद ठेवून होते. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून एसी, थंड हवा आणि जास्त वेग यांच्या वेगळ्या फेऱ्या धरून आकडा काढतात. त्यामुळे एका गाडीचा युरोपातला आणि दुसरीचा अमेरिकेतला आकडा शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

तुमचा रस्ता कसा आहे हे त्याहून महत्त्वाचं. हायब्रिडची कमाई थांबत-चालत जाणाऱ्या रस्त्यावर होते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत भरते. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, मग परत काय भरणार? तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि निळी-करडीतलं अंतर कमी होतं. रोज महामार्गाने जाणाऱ्याने वरच्या उदाहरणातल्या २२ च्या जागी बेताचा आकडा घालून गणित पुन्हा करावं.

टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज बघून हुरळून जाऊ नका. रीडिंग रीसेट कधी केलं होतं ते कोणालाच ठाऊक नसतं.

इंधनाच्या झाकणामागे काय लिहिलंय ते बघावं का?

बघावंच. फार थोडे लोक बघतात. काही टर्बो इंजिनांना जास्त ऑक्टेनचं, म्हणजे महाग पेट्रोल लागतं. तिथे "किमान" लिहिलंय की "शिफारस", हा फरक आहे. किमान असेल तर तो दर पूर्ण मुदतभर हिशेबात धरा. शिफारस असेल तर साध्या पेट्रोलवर गाडी चालते, ताकद किंचित कमी होते. दोन गाड्यांचं ॲव्हरेज सारखं असून एकीला महाग पेट्रोल लागत असेल तर ती वर्षानुवर्षं गुपचूप पैसे खाते.

सर्व्हिसिंगची तुलना कशी करायची?

"पहिल्या तीन सर्व्हिस फुकट" ही ओळ वाचून पान उलटा. फुकट असते ती बहुधा मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे घेतात. आणि पहिल्या तीन सर्व्हिसमध्ये मोठं काम नसतंच.

दोन्ही गाड्यांच्या मॅन्युअलमधलं मेंटेनन्स शेड्यूलचं पान मिळवा. तुमच्या ठरलेल्या किलोमीटरपर्यंत, समजा दीड लाख, काय-काय बदलायचं आहे ते ओळीने लिहा. एकीचं ऑइल १०,००० ला आणि दुसरीचं १५,००० ला असेल तर दीड लाखात १५ विरुद्ध १०. शेड्यूलमध्ये नेहमी "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असतं. रनिंग कमी असेल तर किलोमीटरची मुदत कधी येतच नाही, महिन्यांची येते, आणि १५,००० वाल्या गाडीचा फायदा तिथेच संपतो.

त्यानंतर मोठी कामं बघा. इरिडियम स्पार्क प्लग साधारण लाखभर किलोमीटर चालतात. पण काही इंजिनांत ते इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच, उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत, आणि मग प्लगपेक्षा मजुरी जास्त होते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं म्हणून दोनेक वर्षांनी बदलतात, दोन्ही गाड्यांत. ते खोडून टाका. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवायला टायमिंग चेन असेल तर ती सहसा इंजिनाबरोबर जगते. रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो ठरल्या मुदतीत बदलायलाच हवा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. काही छोट्या टर्बो इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीचं किंवा शिळं ऑइल म्हणजे बेल्टचं आयुष्य कमी आणि त्याचा भुगा ऑइलच्या गाळणीत. अशी गाडी यादीत असेल तर बेल्ट बदलण्याचा खर्च विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गिअरबॉक्सवरून खर्चात फरक पडतो?

वॉरंटीच्या आत नाही. नंतर बराच. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट झिजते, पण तिचं काम कोणताही चांगला मेकॅनिक करतो. सीव्हीटी या बेल्ट आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल वेळेवर बदललं तर ती टिकते. "ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही" असं कोणी सांगितलं तर आयुष्य कोणाचं ते विचारा. दोन क्लचच्या गिअरबॉक्सला, खास करून कोरड्या क्लचच्या, मुंगीच्या पावलाने सरकणारं ट्रॅफिक सोसत नाही.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये नाव सीव्हीटीचं असलं तरी आत बेल्ट-पुली नसते. दोन मोटर आणि एक प्लॅनेटरी गिअरसेट असतो. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. होंडाच्या दोन मोटरच्या हायब्रिडमध्ये शहरात बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते आणि महामार्गावर क्लच लागून इंजिन सरळ चाकांशी जोडलं जातं. गुंतागुंतीचं म्हणून ज्याला भ्यावं त्यात झिजणारे सुटे भाग पुष्कळदा कमीच निघतात.

म्हणजे टोयोटाची कॅमरी आणि होंडाची ॲकॉर्ड यांची तुलना नुसत्या नावावरून करता येत नाही?

अजिबात नाही. अमेरिकेत २०२५ च्या मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिड मिळते. ॲकॉर्डमध्ये तिथे खालच्या प्रकारांत १.५ लिटरचं टर्बो इंजिन आणि सीव्हीटी, तर वरच्या प्रकारांत हायब्रिड. त्यामुळे "कॅमरी की ॲकॉर्ड?" या एका प्रश्नात निदान दोन वेगळे हिशेब आहेत. एकीचा खालचा प्रकार आणि दुसरीचा वरचा प्रकार शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कामाचा नाही. सोयी सारख्या असलेले प्रकार आधी जुळवा, मग किंमत बघा.

हायब्रिडची मोठी बॅटरी गेली तर?

मग करडीने दहा वर्षांत वाचवलेले ते ६१८ लिटर एका बिलात वाहून जातात. म्हणून बॅटरीची वॉरंटी आणि तुमची मुदत शेजारी ठेवून बघा. टोयोटाने अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून ती ८ वर्षं किंवा १ लाख मैलांवरून १० वर्षं किंवा दीड लाख मैलांवर नेली, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर. तुमच्या देशात काय आहे ते वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. मुदत वॉरंटीच्या आत बसत असेल तर हा खर्च शून्य धरायला हरकत नाही. बाहेर जात असेल तर नव्या पॅकच्या किमतीचा काही भाग जोखीम म्हणून करडीच्या खात्यात टाका.

एक छोटी गोष्ट. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड करणारा पंखा मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढतो. त्या जाळीवर कपडे, पिशव्या पडून राहतात. आतल्या फिल्टरवर धूळ, केस, सीटच्या कापडाचे तंतू असा राखाडी थर बसतो. हवा कमी मिळाली की बॅटरी तापते आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. हायब्रिड सेकंडहँड घेताना ती जाळी काढून बघा; मालकाने गाडी कशी ठेवली ते तिथे कळतं, चकचकीत पॉलिशवर नाही.

विम्यात दोघींचा फरक कितीसा असणार?

प्रत्यक्ष कोटेशन घेतल्याशिवाय सांगता येत नाही. संरक्षण तेच आणि अपघातात तुम्ही स्वतः भरायची रक्कम तीच ठेवून दोन्ही गाड्यांची कोटेशनं मागा. हप्ता फक्त किमतीवर ठरत नाही. त्या मॉडेलचे दावे किती येतात, चोरी किती होते, पार्ट किती महाग आहेत हेही धरतात.

हल्लीच्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा आणि बंपरमागे रडार असतं. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. एलईडी हेडलॅम्पमध्ये बल्ब बदलायची सोय पुष्कळदा नसतेच, अख्खा संच बदलतात. म्हणून पार्टच्या काउंटरवर जाऊन दोन्ही गाड्यांच्या चारच वस्तूंचे भाव विचारा: हेडलॅम्पचा संच, पुढचा बंपर, पुढची काच, बाजूचा आरसा. मागवायला किती दिवस लागतात तेही विचारा. या चार भावांवरून पुढच्या दहा वर्षांच्या बिलांचा बराच अंदाज येतो.

टायरचा खर्च हिशेबात घेण्याइतका असतो?

असतो, आणि तो तुम्ही निवडलेल्या प्रकारावर ठरतो. एकाच सेडानचा खालचा प्रकार २०५/६५ आर१६ मापाच्या टायरवर येतो, वरचा २३५/४५ आर१८ वर. बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण पहिल्यात टायरची भिंत १३३ मिलिमीटर उंच, दुसऱ्यात १०६. दुसरा महाग, खड्ड्यात रिम वाकायची शक्यता जास्त. टायर ५०,००० किलोमीटर चालतात असं धरलं तर दीड लाखात दोन वेळा बदल, म्हणजे आठ टायर. दोन्ही मापांच्या भावातला फरक गुणिले आठ, एवढं गणित शोरूममध्ये उभ्या-उभ्या होतं.

हवेबद्दल एकच: चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्क्यांनी जास्त जातं. पाच पीएसआयला एक टक्का. गाडी कोणतीही असो.

"सर्वोत्तम दर्जा"चं पारितोषिक मिळालेली गाडी कमी बिघडते ना?

पारितोषिक कशाचं आहे ते बघा. गाड्यांच्या मालकांची पाहणी करणाऱ्या जे. डी. पॉवर या अमेरिकी कंपनीची 'इनिशियल क्वालिटी' ही पाहणी पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारींची असते, 'डिपेंडेबिलिटी' ही तीन वर्षं झालेल्या गाड्यांची. दोन्ही प्रामाणिक, पण नवव्या वर्षी काय होईल याबद्दल त्या काही म्हणत नाहीत. त्यासाठी त्याच इंजिनाची आणि त्याच गिअरबॉक्सची आठ-दहा वर्षं जुनी गाडी शोधा आणि तिच्यावर काम करणाऱ्या बाहेरच्या गॅरेजवाल्याला विचारा: "ही कशासाठी येते तुमच्याकडे?" उत्तर पटकन आलं तर त्या गाडीचं दुखणं ठरलेलं आहे. हेच उत्तर दोन-तीन गॅरेजमध्ये मिळालं तर तो खर्च हिशेबात टाका.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी?

वॉरंटीच्या मुदतीच्या आसपास गाडी विकणार असाल तर नको. त्यापुढे तीन-चार वर्षं ठेवणार असाल आणि गाडीत टर्बो, दोन क्लचचा गिअरबॉक्स किंवा हायब्रिड यंत्रणा असेल तर विचार करा. काय झाकलं जात नाही त्याची यादी आधी वाचा. झिजणारे पार्ट नसतातच. पण सेन्सर, स्क्रीन आणि वायरिंग वगळलं असेल तर त्या कागदाला फारसा अर्थ उरत नाही.

तीन वर्षं जुनी गाडी घेतली तर हा सगळा हिशेब बदलतो?

घसाऱ्याची सगळ्यात तीव्र वर्षं पहिल्या मालकाच्या खात्यात गेलेली असतात, त्यामुळे बदलतो. ज्या गाडीचा भाव टिकतो ती नवी घेणं फायद्याचं. जिचा भाव पटकन पडतो ती जुनी घेणं फायद्याचं. दोन सारख्या सेडानमध्ये निकाल उलटा लागू शकतो: नवी घ्यायची तर पहिली, सेकंडहँड घ्यायची तर दुसरी. सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर मात्र स्वस्त भावाला भुलू नका. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. ओडोमीटर २०,००० दाखवतो आणि टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे, असं असेल तर पहिले टायर का बदलले ते विचारा.

हिशेब बरोबरीत सुटला तर?

दहा वर्षांच्या एकूण खर्चात पाच टक्क्यांच्या आतला फरक आला तर तो बरोबरीच समजा. धरलेल्या आकड्यांतच तेवढी चूक असते. मग अंधार पडल्यावर दोन्ही गाड्या एकेकदा चालवा आणि हेडलॅम्पचा प्रकाश बघा. मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा. अधिकृत सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे ते तपासा, कारण दर खेपेला गाडी सोडायला आणि आणायला अर्धा-अर्धा दिवस जाणार असेल तर तोही खर्चच आहे, आणि तो वर्षातून दोनदा पडतो.